झोपून उठलेली झाडं

हानावा तेत्सुजिला माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत. सख्ख्या जावयाला त्याने लग्नानंतर वर्षभर नुसतं "अहो, इकडे या" करून भागवलं. झाडांचं मात्र विचारा. कुठल्या जुनिपरला सकाळचं ऊन मानवतं, कोण दुपार झाली की मान टाकतं, कुठल्या पाइनची कुठली फांदी कोणत्या उन्हाळ्यानंतर रुसून बसली आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तोक्योच्या उत्तर अंगाला त्याच्या आजोबांनी लावलेली बोन्सायची बाग होती. तीच बापाने सांभाळली आणि तीच तो सांभाळत होता. दुसरं काही करून बघावं असं त्याच्या मनातही कधी आलं नाही. साठी ओलांडली तरी सकाळी उठल्यावर बायकोचं तोंड बघायच्या आधी हा पाइनच्या सुया बघायचा. मित्सुएला, म्हणजे त्याच्या बायकोला, सवय झाली होती. ती म्हणायची, सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

पण बागेच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या. त्यांच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्रभर ती धग बाहेर टाकत बसायच्या. आता पाइनला दिवसाचं ऊन कितीही द्या, तो घेतो. रात्री मात्र त्याला गारवा लागतो. नाहीतर दिवसाची सगळी कमाई तो रात्री नुसता श्वास घेण्यात उडवतो आणि खंगत जातो. त्यात विहीर गेली. पाण्यात काहीबाही सापडलं म्हणून सरकारी माणसं येऊन झाकण ठोकून गेली, आणि नळाचं औषध मारलेलं पाणी पिंपात भरून, शिळं करून झाडांना घालायची पाळी आली. त्या पाण्याने शेवाळ पिवळं पडायचं, बुंध्यांवर पांढरी रेघ उमटायची. तेत्सुजि जुना दात घासायचा ब्रश घेऊन ती रेघ घासत बसायचा आणि दुसऱ्या दिवशी ती परत यायची.

बागेत एक झाड होतं, त्याला सगळे थोरला म्हणायचे. पाच-पाच सुयांच्या झुपक्यांचा पाइन, आजोबांनी डोंगरातून आणलेला, घरातल्या कुणाहीपेक्षा वयाने मोठा. एका उन्हाळ्यात थोरल्याची खालची फांदी तांबूस झाली आणि गेली. ती तेत्सुजिने स्वतः कापली. त्या दिवशी तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी नुसता भात चिवडून उठला. आणखी असा एक उन्हाळा आला की थोरला जाणार आणि त्याच्या पाठोपाठ बाकीची बाग जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत जागा बदलायला हवी होती.

मित्सुएचं काय? तिचं सगळं तिथेच होतं. लेक आगगाडीने दोन स्टेशनांवर. सार्वजनिक न्हाणीघरातल्या मैत्रिणी. दर मंगळवारी समाजमंदिरात हुला, म्हणजे हवाई बेटांवरचा नाच, या वयात कमरेला झालर बांधून बायका जीव तोडून नाचायच्या आणि नंतर चहा पिताना पोट धरून हसायच्या. ते सगळं टाकून एका आजारी पाइनच्या मागे जायचं म्हणजे काय थट्टा आहे? पण ती नाही म्हणाली नाही. मुळ्याचं लोणचं चिरता चिरता तिने फक्त एवढंच सांगितलं:

"तुम्ही म्हणाल तिथे येईन. पण एकदाच. मला दोनदा उपटायचं नाही, मी काही तुमची कुंडी नाही."

तेत्सुजिने मान डोलावली. ती शेवटची जागा असेल, तिथेच आपण दोघं म्हातारे होऊ, असं तो म्हणाला. आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

मग सुरू झाली शोधाशोध. जागा बघायला जाताना हा पठ्ठ्या पिशवीत एक काळी बशी घेऊन जायचा. घर बघणार नाही, रस्ता बघणार नाही, आधी पाणी कुठाय म्हणून विचारणार. पाणी जिभेवर घोळवणार, मग त्या काळ्या बशीत ओतून उन्हात ठेवणार आणि ते वाळेपर्यंत तिथेच उकिडवा बसणार. जमीन दाखवणारे दलाल घड्याळाकडे बघत उभे राहायचे. बशी वाळली की कडेला पांढरं काही उरलंय का, हे तो डोळ्यांजवळ नेऊन बघायचा.

पहिली जागा समुद्राकाठची होती. मित्सुएला ती बघताक्षणी आवडली. दारात बस थांबायची, दवाखाना जवळ, मासळी ताजी, हिवाळा मऊ. तिथल्या बायका हुला नाचतात का, हेही तिने विचारून घेतलं होतं. पण हिवाळा मऊ हीच तर अडचण. पाइनला कडक थंडीत एक गाढ झोप लागते, ती मिळाली नाही तर वसंतात तो आळसावलेलाच उठतो. शिवाय वाऱ्यात मीठ होतं. तेत्सुजिने ओठ चाटून बघितले आणि नको म्हटलं. दुसरी जागा उंच पठारावर. रात्री अशा गार की उन्हाळ्यातही पांघरूण घ्यावं. तेत्सुजिचा चेहरा खुलला, पण बशी वाळली तेव्हा कडेला पांढरं वर्तुळ उरलं. चुनखडीतून येणारं पाणी. हिवाळ्यातला कोरडा वारा तर झाडांच्या सालीच सोलून काढील, असं तिथल्याच एका कोबीवाल्याने सांगितलं. परतीच्या वाटेवर मित्सुए गाडीत म्हणाली की माणसांसाठी जागा बघायची झाली तर एव्हाना घर मिळालं असतं. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

तिसरी जागा म्हणजे ती दरी.

दरीत शिरताच त्याने गाडीची काच खाली केली. सकाळ उलटून गेली तरी धुकं झाडाझाडांत अडकून राहिलेलं. दगड दिसतच नव्हते, सगळ्यांवर शेवाळाच्या गाद्या. हिरव्या रंगाच्या किती तऱ्हा असतात हे इथे येऊन कळावं. डोंगराच्या पोटातून एक झरा निघून, बांबूच्या पन्हळीतून घरामागच्या दगडी टाकीत पडत होता. तेत्सुजिने ओंजळ लावली. जिभेवर पाणी असं लागलं की जणू काही लागलंच नाही. बशी वाळली ती तशीच्या तशी काळी, नुकती धुतल्यासारखी.

घर नेगिशि नावाच्या म्हाताऱ्याचं, खरं तर त्याच्या वारलेल्या भावाचं. म्हातारा स्वतः खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे राहायचा. घर दाखवून झाल्यावर तो पाहुण्याला मागच्या चढावर घेऊन गेला, आणि तिथे ती झाडं होती. उंचच उंच देवदार. पण एकही खोड जमिनीतून सरळ वर गेलेलं नव्हतं. प्रत्येक झाड आधी उताराकडे कलायचं, जमिनीलगत हातभर आडवं झाल्यासारखं व्हायचं आणि मग वळण घेऊन सरळ आभाळात जायचं. सगळ्या चढावर हाच प्रकार.

बोन्सायवाल्याचा सगळा जन्म कशात जातो? सरळ खोडाला वळण देण्यात. तांब्याची तार गुंडाळायची, रोज एवढंसं वाकवायचं, साल फुटणार नाही याला जपायचं, आणि वर्षानुवर्षांनी बुंध्याशी असं एखादं वळण जमतं. इथे अख्खा डोंगर त्या वळणांनी भरलेला. तो एका झाडाशी गेला आणि लहान लेकराची पाठ चोळावी तसा त्या वळणावरून हात फिरवत राहिला.

"काय सुरेख वळण आहे," तो म्हणाला. "कुणी मुद्दाम वाकवलं असतं तरी इतकं जमलं नसतं."

"आम्ही यांना झोपून उठलेली म्हणतो," नेगिशि म्हणाला. "इथली सगळी तशीच. आमच्या घरांच्या आढ्यालाही हीच. वाकडी असतात म्हणून घट्ट बसतात."

"आणि पाणी?"

"पाणी भरपूर. जरा जास्तच." म्हाताऱ्याने विडी विझवली, थोटूक डबीत टाकलं आणि तेत्सुजिकडे नीट निरखून बघितलं. "तुम्ही झाडातले माणूस. तुम्हाला मी काय सांगायचं."

झालं. एवढंच बोलणं. इकडे कुणी तोंडावर नको म्हणत नाही. गाठीशी घर विकायला असेल तर नाहीच नाही. जरा जास्तच, असं म्हणून गप्प बसलं की ऐकणाऱ्याने काय ते समजायचं, आणि तेत्सुजि याच मातीतला, त्याला एरवी ते समजलंही असतं. त्या दिवशी त्याच्या कानात झऱ्याचं पाणी भरलं होतं. म्हाताऱ्याला वाटलं, हा झाडं वाचतो, त्याला कळलंय आणि तरी घेतोय, तर आपण कोण. आणि तेत्सुजिला वाटलं, म्हाताऱ्याला झाडातलं कळतं. दोघंही एकमेकांवर खूश होऊन चढ उतरले.

हिवाळ्याच्या शेवटी, झाडं झोपेत असताना, बिऱ्हाड हललं. कुंड्या गवतात गुंडाळून ट्रकमध्ये गेल्या, थोरला तेत्सुजिच्या मांडीवर बसून आला आणि मित्सुए मागच्या सीटवर भांड्यांच्या खोक्यांत. तोक्योची बाग विकली गेली आणि तिथे लगेच काँक्रीट पडलं, त्यामुळे मागे फिरायला जागाच उरली नाही. रीतीप्रमाणे मित्सुए नवीन शेजाऱ्यांना छोटे टॉवेल वाटायला निघाली. परत आली तेव्हा निम्मे टॉवेल तसेच पिशवीत. बरीच घरं बंद होती म्हणे, दारांवर गंज चढलेला. एका म्हातारीने टॉवेल घेतला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि विचारलं, डोंगराकडच्या खोलीत झोपता का? मित्सुएने सांगितलं, हो, तिथे झऱ्याचा आवाज छान येतो. म्हातारी नुसतं हो का, म्हणाली आणि दार लावून घेतलं. असं विचित्र विचारलं हो, कुणी विचारतं का असं, मित्सुए हसून सांगत होती. तेत्सुजि टाकीजवळ मांडव ठोकत होता. त्याने ऐकलंच नाही.

वसंत आला आणि झाडांनी असा काही जोर धरला की तेत्सुजिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. शेवाळ तोक्योत विकत आणून लावावं लागायचं, इथे ते आपण होऊन कुंड्यांवर चढलं. बुंध्यांवरची पांढरी रेघ धुऊन गेली. थोरल्याने सगळीकडून कोवळे कोंब काढले, मेणबत्त्या खोचाव्यात तसे, आणि जिथली फांदी मेली होती त्याच्याजवळ सालीतून एक हिरवा ठिपका बाहेर आला. तो ठिपका बघून तेत्सुजि रडला. जेवायला बसला की भाताच्या वाटीवर वाटी संपवायचा. मित्सुए त्याच्याकडे बघत राहायची. एवढ्या वर्षांत हा माणूस इतका हलका तिने पाहिला नव्हता, आणि ते पाहून तिचाही जीव भांड्यात पडला. तिने नेगिशिच्या सुनेला हुला शिकवायला घेतलं. दोघी ओसरीवर हात हलवत उभ्या राहायच्या आणि झऱ्याच्या आवाजावर ताल धरायच्या. इथे निभेल, असं तिने लेकीला फोनवर सांगितलं.

आता तेत्सुजिला स्वस्थ कुठलं बसवतंय. चढावर त्याने एक तरणा देवदार हेरून ठेवला होता. जुन्या झाडांसारखंच बुंध्याशी वळण, पण लहान, मोठ्या कुंडीत मावेल असा. नेगिशि वर भाजीसाठी कोवळं नेचं खुडायला आला होता, त्याला विचारून तेत्सुजिने खणायला घेतलं. वरच्या अंगाची माती काढली आणि तो थबकला. डोंगराकडची मुळं ताणलेल्या दोरासारखी ताठ होती. काही तुटलेली होती, कुदळीने नव्हे, आपोआप, आणि तुटली तिथे टोकं पांढरी फटक. त्याने आणखी खाली खणलं. माती संपली आणि निळसर राखाडी चिखल लागला. बोट लावलं तर साबणाच्या वडीसारखं सटकलं. हातात मुळं धरून आयुष्य काढलेल्या माणसाला मुळं काय बोलतायत हे कळायला वेळ लागत नाही, पण तेत्सुजिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"नेगिशिसान," त्याने विचारलं, "यांना हे वळण बर्फाने आलंय ना? रोपं लहान असताना बर्फाने दाबली असतील."

"बर्फ?" म्हाताऱ्याने नेच्याची टोपली खाली ठेवली. "इथे कुठलं आलंय तेवढं बर्फ? डोंगर सरकतो की. तो खाली येतो, झाड कलतं, मग परत वर बघतं. पुन्हा सरकतो, पुन्हा वर बघतं." आणि मग त्याचा आवाज हळू झाला. "तुम्हाला ठाऊक होतं ना हे? तुम्ही झाडातले माणूस."

पायाखालची जमीन सरकली, असं आपण उगाच कशालाही म्हणतो. तेत्सुजि ज्यावर उभा होता ती खरोखरच सरकत होती, आणि त्याने ती वळणावरून हात फिरवून, सुरेख म्हणून पसंत केली होती. लाकूडतोड्या असता तर वाकडं खोड बघून नाक मुरडून गेला असता. शेतकरी असता तर विचारलं असतं, बाबा, असं का? बोन्सायवाला होता म्हणून फसला.

"हो," तो नेगिशिला म्हणाला, "ठाऊक होतं." लाज वाटली म्हणून म्हणाला. म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि टोपली उचलली.

मग तेत्सुजिने मनाची समजूत घालायला घेतली आणि त्यातही त्याला त्याची विद्याच उपयोगी पडली. म्हातारे देवदार फक्त बुंध्याशी वळलेत, वर सरळसोट आहेत. म्हणजे डोंगर सरकला तो फार पूर्वी, झाडं लहान असताना. पुढे तो थांबला असणार. हा विचार सुचला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की तो घरी येऊन पोटभर जेवला. पण दुसऱ्या दिवशी पाय आपोआप चढाकडे वळले. मधल्या वयाची झाडं बघितली, त्यांनाही वळण. त्याहून लहान बघितली, त्यांनाही. गेल्या काही वर्षांतली रोपं तर अजून सरळच झाली नव्हती, आडवी पडूनच वर बघत होती. साल कुठे ताणलीय, कुठे दबलीय, यावरून वळण किती ताजं आहे ते त्याला सांगता यायचं. ती वळणं ताजी होती.

त्याच संध्याकाळी बायकोला सांगायला हवं होतं. सांगणार होता, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. पण थोरल्याचे कोंब नुकते लांबत होते, बोट लागलं तरी तुटावेत इतके कोवळे. अशा अवस्थेत ट्रकवर घातला तर तो वाचणार नाही. आणि न्यायचा तरी कुठे? समुद्राकाठी? पठारावर? एकदाच येईन, असं मित्सुएने बजावलं होतं, तिला कुठल्या तोंडाने सांगणार? शरद ऋतूत कोंब कडक होतील, तेव्हा बघू, तेव्हा सगळं सांगू. मधे पावसाळा येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने त्याचा विचार करायचं टाळलं. माणूस भित्रा होता असं नाही, पण त्या झाडांपुढे त्याला दुसरं काही दिसत नसे, आणि ही गोष्ट भित्रेपणापेक्षाही वाईट.

एक गोष्ट मात्र त्याने केली. झाडं वाकवायच्या तांब्याच्या तारेतली जाड तार घेतली आणि घराच्या मागच्या खांबापासून चढावरच्या कडेच्या देवदारापर्यंत सैल बांधून टाकली. चढाची ती कड घरापासून दूर, उजवीकडे ओढ्याच्या बाजूला उतरत होती; ती सरकली की तार ताणेल, आपल्याला कळेल, असा हिशेब. मित्सुएने खिडकीतून बघितलं आणि ती खूश झाली.

"बरं झालं बाई, दोरी बांधलीत. किती दिवस म्हणत होते."

तिने त्या तारेवर ओले पंचे घातले, तार मधे लोंबली आणि पंचे जवळजवळ गवताला टेकले. जरा घट्ट बांधायची होतीत, असं ती म्हणाली. बघू, तो म्हणाला. त्यानंतर रोज सकाळी थोरल्याच्या आधी तो तार बघायला लागला, आणि रोज मित्सुए तिच्यावर काही ना काही वाळत घालायची.

पावसाळा लागला. कोरड्या दिवशी ती लगबगीने सगळं बाहेर काढायची. असंच एकदा ऊन पडलं तेव्हा तिने गोधड्या तारेवर टाकल्या आणि तिथूनच हाक मारून त्याला सांगितलं, अहो, तुमची तार आता अजिबात लोंबत नाही, गोधड्या टाकल्या तरी कशी ताठ राहिलीय बघा, छान घट्ट करून दिलीत. तेत्सुजि मांडवाखाली उभा होता. त्याने तारेला हातही लावला नव्हता. तो तिथल्या तिथे दगडावर बसला. मित्सुए गोधडी झटकत गाणं गुणगुणत होती.

तरीही तो बोलला नाही. रात्री तिच्या शेजारी पडून डोंगराकडच्या भिंतीकडे बघत राहायचा. मित्सुए म्हणायची, झोप का येत नाही तुम्हाला, झाडं तर ठणठणीत आहेत.

मग पाऊस जो लागला तो थांबेचना. वारा नाही, विजा नाही, नुसती संततधार. एका सकाळी टाकीत पन्हळीतून येणारं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ आलं. तेत्सुजि ते बघत राहिला. दुपार व्हायच्या आत धार बारीक झाली, मग दोऱ्याएवढी, मग नुसते थेंब. आभाळातून पाणी कोसळतंय आणि झरा आटतोय. आतलं पाणी आत कुठेतरी अडलं होतं आणि फुगत होतं. डोंगर आता सुटायला आला आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो घरात आला. मित्सुए लोणच्याच्या आंबट उमे फळांचा ढीग पुढे घेऊन बसली होती आणि बांबूच्या काडीने एकेका फळाचं देठ उकरून काढत होती. घरभर तो पिकला वास.

"अगं, इथून निघायला हवं," तो म्हणाला.

"पाऊस थांबेपर्यंत?"

"नाही. कायमचं."

आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. ती वळणं म्हणजे काय, तुटकी मुळं, निळा चिखल, तार. झरा आटल्याचंही सांगितलं. तिचा हात थांबला नाही. एक फळ, एक देठ, एक फळ, एक देठ. त्याचं बोलणं संपल्यावर तिने काडी खाली ठेवली.

"कधी कळलं तुम्हाला?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. पण खोटं बोलायला जी थोडी चतुराई लागते तीही त्याच्यात नव्हती.

"तो देवदार खणला तेव्हा."

"म्हणजे थोरल्याला कोंब फुटत होते तेव्हा."

"हो. फार कोवळे होते ते. तेव्हा हलवलं असतं तर..."

"आणि मी?"

ती ओरडली असती, फळांचं तसराळं अंगावर फेकलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या तारेवर मी गोधड्या घालत होते," मित्सुए हळू म्हणाली. "घट्ट झाली म्हणून तुमचं कौतुक करत होते. आणि तुम्ही बघत होतात."

तेवढ्यात ओढ्याकाठच्या खांबावरचा भोंगा खरखरला. वयस्कर माणसांनी शाळेच्या इमारतीत जावं, लगेच निघावं, असं एक बाई शांत आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती. गावाची लहान व्हॅन दाराशी आली, चालवायला नेगिशि, मागे त्याची सून आणि ती टॉवेलवाली म्हातारी. मित्सुएने औषधांची पिशवी घेतली, बँकेचं पुस्तक घेतलं. फळं तिथेच राहिली, अर्धी देठासकट.

"दोघंही चला, जागा आहे," नेगिशि म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे," तेत्सुजि म्हणाला. "कुंड्या खाली उतरवून आडव्या करतो आणि आलोच चालत."

कुंड्या आडव्या करतात त्या वाऱ्यात पडू नयेत म्हणून. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे, चढाकडे.

"हानावासान, वारा नाही आज."

"तरी पण."

मित्सुए पायरीवर बसून बूट घालत होती. तिने मान वर केली नाही. इकडे कुणी घराबाहेर पडताना नुसतं जात नाही. जाणाऱ्याने जाऊन येते म्हणायचं आणि राहणाऱ्याने ये जाऊन म्हणायचं. मासळी आणायला निघालं तरी म्हणतात, कडकडून भांडून निघालं तरी म्हणतात. मित्सुएने लग्न झाल्यापासून ते एकदाही चुकवलं नव्हतं, न्हाणीघरात जातानाही दारातून ओरडून म्हणायची, आणि तेत्सुजि बागेतून मान न वळवता उत्तर द्यायचा. आज तो दारातच उभा होता, तोंड तिच्याकडे करून, उत्तर ओठांवर घेऊन.

मित्सुएने छत्री उघडली.

"जाते," ती म्हणाली.

व्हॅनचं दार सरकून बंद झालं. ती वळणाआड जाईपर्यंत तेत्सुजि दारात उभा राहिला, आणि मग घराला वळसा घालून मागे थोरल्याकडे गेला.